टोपणनाव म्हणजे तोतया नव्हे

मागच्या रविवारी सांगलीत आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला घाटावर आम्ही सातआठ जण जमलो होतो, सगळे गळवाले, फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसाच्या नकली माशीनं मासा धरायचं वेड लागलेले, आणि विषय निघाला नावाचा. आमच्यातल्या एकाला महिन्याभरापूर्वी कुणीतरी ऑनलाइन फसवलं होतं, जुनं रील, म्हणजे काठीवरची दोरा गुंडाळायची चकरी, विकतो म्हणून पैसे घेतले आणि गायब, अकाउंटला नाव कसलंतरी टोपण. त्यावरनं आमच्यातले एक आप्पा म्हणाले, आता बास झालं, इथनं पुढं ज्याचं खरं नाव, आडनाव, फोटो नाही त्याला आपल्यात घ्यायचंच नाही. निम्म्या जणांनी माना डोलावल्या. चहा येईपर्यंत विषय देशावर गेला, सोशल मीडियाला आधार जोडा, सगळ्यांची केवायसी करा, म्हणजे ट्रोल संपतील, फसवणूक संपेल. दुसऱ्या बाजूनं बोलायला एकच पोरगा होता, तो म्हणला प्रायव्हसी हा माझा हक्क आहे, आणि गप्प बसला. एवढ्यावर वाद मिटला.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत आणि तिथं नीट बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितोय. एक बाजू म्हणते टोपणनाव म्हणजे लबाडी, दुसरी म्हणते माझी मर्जी, विचारू नका. माझं म्हणणं असं की माणसाला आडनाव बाजूला ठेवून बोलायची सोय पाहिजेच, खऱ्या नावाची सक्ती करू नये, पण त्यानं घेतलेलं नाव त्यानं जपलं पाहिजे, वर्षानुवर्षं तेच ठेवलं पाहिजे आणि त्या नावानं जे बोललं त्याला बांधील राहिलं पाहिजे. नाव जन्मदाखल्यावर आहे का हे बघून काय कळणार आहे? ते नाव घेऊन माणूस किती वर्षं एका जागी उभा आहे ते बघा.

आधी आमच्यातली नावं सांगतो, कारण त्या दिवशी वाद घालणाऱ्यांपैकी एकानंही ही नावं कुठनं आली ते विचारलं नाही. एकजण आहे 'अठरा_नंबर'. सगळ्यांना वाटायचं क्रिकेटवाला आहे, जर्सीचा नंबर लावलाय. तर तो काट्याचा नंबर. गळाच्या काट्याचा नंबर जेवढा मोठा तेवढा काटा बारीक, अठरा नंबरचा काटा म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याएवढा, त्याच्यावर पीस बांधायचं म्हणजे डोळ्यात पाणी येतं. त्यानं पहिली माशी त्या काट्यावर बांधली आणि कोयनेच्या उथळ पाण्यात तिच्यावर बोटभर मासा लागला, त्या दिवसापासनं ते नाव. दुसरा 'दुसरी_पाळी', कारखान्यात दुपारी चार ते रात्री बारा कामाला असतो, म्हणून सकाळची नदी त्याची. माझं नाव 'खंड्या४१६'. लहानपणी आज्जासोबत हरिपूरला जायचो, कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथं, संगमेश्वराच्या देवळाखाली, आणि पाण्यावर वाकलेल्या बाभळीच्या फांदीवर निळा खंड्या बसलेला असायचा. आज्जा म्हणायचा, त्याला बघ, तो मासा बघत नाही, पाणी बघतोय. नुसतं 'खंड्या' आधीच कुणीतरी घेतलं होतं म्हणून मागं सांगलीच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे लावले. गेली अकरा वर्षं तेच आहे.

ज्यांना फ्लाय फिशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या साध्या गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात, शिसं बांधतात आणि शिशाच्या वजनावर दोरा लांब जातो. फ्लायमध्ये काट्यावर पीस, रेशीम, लोकर बांधून केलेली माशी असते, तिला वजनच नाही, म्हणून वजन असतं ते लाइनला, जाडसर लाइन असते, ती काठीनं मागं न्यायची, मागं हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढं सोडायची. ते थांबणं शिकायला मला दोन वर्षं लागली. घाई केली की चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते. हे शिकवायला आपल्याकडं क्लास नाही, दुकान नाही, सातारा-सांगलीत मिळून हे करणारी माणसं मोजकी, एक कराडला, एक वाईला, एक शिराळ्याकडं, त्यामुळं जे काय शिकलो ते एकमेकांकडनं, ऑनलाइन, आणि निम्म्या लोकांचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

त्यातली सगळ्यात चांगली माशी बांधणारी 'रेशमी_गाठ'. दोन वर्षं आम्ही तिला दादा म्हणत होतो. गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस कसं निवडायचं, त्याला हॅकल म्हणतात, ते किती वेढे द्यायचं, शेवटची गाठ पाण्यात सुटू नये म्हणून दोऱ्याला मेण कधी लावायचं, सगळं फोटो काढून समजावून सांगायचं हे नाव. मग एकदा कराडला प्रीतिसंगमावर भेटायचं ठरलं आणि एक बाई आल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, ब्लाउजवर आरी वर्क करणाऱ्या, रेशीम त्या कामातलं उरलेलं. पर्समधनं छोटा व्हाइस, म्हणजे काटा पकडायचा शिकंजा काढला, पायरीच्या कडेला आवळला, काटा पकडला, लाल रेशमाचे पाच वेढे, पीस आडवं धरून तीन वेढे, प्रत्येक वेढ्याला ओल्या बोटानं पिसाचे केस मागं सारून, आणि मग ती गाठ, दोरा स्वतःच्याच खाली घालून ओढून घ्यायचा, टोक दिसतसुद्धा नाही. दीड मिनिट. आम्ही सगळे उकिडवे बसून बघत होतो. नंतर त्या भेटीचे फोटो कुणीतरी नावासकट बाहेर टाकले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या फोनवर अनोळखी माणसांचे मेसेज सुरू झाले, रात्री अकराला, बाराला, एकट्याच जाता का नदीवर वगैरे. चार महिने त्या गप्प होत्या. परत आल्या त्या त्याच नावानं, आणि आडनाव परत कुणी विचारलं नाही. आता आप्पांचा नियम लावला तर पहिलं कोण बाहेर पडेल? फसवणारा पडेल का ह्या पडतील?

खऱ्या नावाची बाजू घेणारे लोक एक गोष्ट गृहीत धरतात, की नाव म्हणजे नुसती ओळख. आपल्या महाराष्ट्रात आडनाव म्हणजे नुसती ओळख कधी होती? आडनाव कळलं की पुढचा प्रश्न 'कुठले?', आणि ते कळलं की जात, भावकी, पक्ष, शेती किती असेल, सगळं समोरच्याच्या डोक्यात मांडून होतं, आणि मग तुम्ही काय बोलताय ते त्या मांडणीतनं ऐकलं जातं. आमच्यात 'काळा_डोह' म्हणून एकजण आहे. वारणेतला मरळ कुठल्या महिन्यात कुठल्या पाणवनस्पतीखाली असतो, पाणी चढायला लागलं की मासा काठाला कधी येतो, हे त्यानं सांगायचं आणि डॉक्टर, इंजिनियर, बागायतदार सगळ्यांनी ऐकायचं, असं तीन वर्षं चाललंय. भेट झाली तेव्हा कळलं की तो भोई समाजातला, घरचा धंदाच मासेमारीचा. हाच माणूस बाजारात पाटी घेऊन बसलेला दिसला असता तर आमच्यातल्या किती जणांनी त्याला 'अहो' म्हणलं असतं? प्रामाणिकपणे सांगतो, मीसुद्धा कदाचित 'ए मामा, कसा दिला' एवढंच बोललो असतो. टोपणनावानं त्याला आधी त्याच्या ज्ञानानं ओळखलं, आडनाव मागनं आलं, आणि तोपर्यंत उशीर झाला होता, कारण तोपर्यंत आम्ही त्याचे शिष्य झालो होतो.

शिवाय खऱ्या नावानं ओळख पटते हेही अर्धंच खरं. आमच्या जिल्ह्यात संतोष पाटील म्हणून हाक मारली तर एका गल्लीत तिघं वळून बघतील. म्हणून तर गावात बारक्या, मिलिटरी, डेअरीवाला, वरच्या आळीचा अशी नावं पडतात, पोस्टमनला पण त्याच नावानं पत्ता सापडतो. युजरनेमचा जन्मच ह्या अडचणीतनं झालाय. एका कॉम्प्युटरवर अनेक माणसं काम करायला लागली, १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये तशी यंत्रणा उभी राहिली, तेव्हा कुणाचं काम कुठलं हे वेगळं ठेवायला प्रत्येकाला वेगळी ओळख द्यावी लागली. त्यात लपवाछपवी कुठंच नव्हती. नियम एकच, एक नाव दोघांना मिळणार नाही. 'खंड्या४१६' आमच्या साइटवर एकच आहे, माझ्या खऱ्या नावाचे लोक किती असतील देव जाणे.

आता फ्लाय फिशिंगचाच इतिहास बघा, म्हणजे कळेल की टोपणनाव हे इंटरनेटनं आणलेलं खूळ नाही. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवर छापलेला पहिला ग्रंथ १४९६ सालचा, त्यात बारा माशा कशा बांधायच्या ते दिलंय, आणि तो डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर आहे. ती बाई खरंच होती का, तिनं ते लिहिलं का, याचा पक्का पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही. पाचशे वर्षं झाली, म्हणून त्या बारा माशा खोट्या ठरल्या का? पुढं एकोणिसाव्या शतकात लंडनच्या एका खेळाच्या साप्ताहिकात एडवर्ड फिट्झगिबन हा 'एफेमेरा' नावानं लिहायचा, एफेमेरा म्हणजे पाण्यातनं निघून एखाददुसरा दिवस जगणारी माशी, जिची नक्कल गळाला बांधतात. अगदी आमच्या अठरा_नंबरसारखं, छंदातलीच वस्तू उचलून नाव केलेलं.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण फ्रेडरिक हॅलफर्डचं. पाण्यावर तरंगणारी कोरडी माशी, ड्राय फ्लाय, तिचं शास्त्र ह्या माणसानं १८८६ आणि १८८९ च्या पुस्तकांत मांडलं, आणि 'द फील्ड' ह्या नियतकालिकात तो लिहायचा 'डिटॅच्ड बॅजर' नावानं. दोन्ही शब्द माशी बांधण्यातले, डिटॅच्ड म्हणजे काट्यापासनं सुटं ठेवलेलं माशीचं अंग आणि बॅजर म्हणजे मधे काळं, कडेला फिकट असं कोंबड्याचं पीस. त्याच्या विरोधात उभा राहिला जी. ई. एम. स्क्यूझ, व्यवसायानं सॉलिसिटर, तो म्हणायचा मासा बहुतेक वेळ पाण्याच्या खालीच खातो, तर माशी खाली का सोडू नये, आणि १९१० मध्ये त्यानं पुस्तकात ते मांडलं. स्क्यूझनंही लेख लिहिले ते 'व्हॅल कॉन्सन', 'सीफोर्थ अँड सोफोर्थ' अशा नावांनी. हा वाद इतका चालला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. आज जगभर दोन्ही पद्धती चालतात. टोपणनावानं लिहिल्यामुळं त्यांच्या वादाचं काय बिघडलं? उलट वाचणाऱ्याला बघायला फक्त मुद्दा होता, बरोबर का चूक ते नदीवर जाऊन बघता येत होतं.

आणि हॅलफर्डचं 'खरं' नाव तरी कुठलं? तो जन्मला हायम ह्या आडनावानं, ज्यू घराण्यात, आणि १८७५ मध्ये घराण्यानं आडनाव बदलून हॅलफर्ड केलं. त्या काळातल्या इंग्लंडात ज्यू माणसाला आडनाव बदलावंसं का वाटलं असेल हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही, गॅझेटमध्ये नाव-बदलाच्या जाहिराती आपण रोज बघतो. मग कागदावरचं हॅलफर्ड खरं, जन्माचं हायम खरं, का ज्या नावानं हजारो लोकांनी त्याच्याकडनं शिकलं ते डिटॅच्ड बॅजर खरं? मला तर तिन्ही खरी वाटतात.

आपल्याकडं यायचं तर केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज हे शाळेतच पाठ झालेत, ते सोडतो. आपल्या वाळवा तालुक्यातले दोघं घ्या. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात उतरले, कुलकर्ण्याचं पोर फडावर उभं राहिलं म्हणून लोकांनी नावं ठेवली, आणि त्यांनी स्वतः जे नाव घेतलं ते पठ्ठे बापूराव, ते आज राहिलंय. वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे, १९२० चा जन्म, जगाला माहीत आहेत अण्णा भाऊ म्हणून, दाखल्यावरचं नाव विचारलं तर दहातल्या आठ जणांना सांगता येणार नाही. आपल्या भाषेत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं ह्यात फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि ज्यांना समाज जन्मानंच नावं ठेवतो त्यांना स्वतःचं एक नाव ठेवून घ्यायचा अधिकार नको का? लोकहितवादींचं बघा, गोपाळ हरी देशमुख, १८४८ पासनं 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी शतपत्रं लिहिली, स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांच्या वागण्यावर एवढे कोरडे ओढले, आणि आयुष्य सरकारी नोकरीत गेलं. त्या काळात कुणी म्हणलं असतं की आधी आडनाव लिहा मग छापतो, तर ती पत्रं आली असती का?

आणि आमच्या घरातली गोष्ट. १९४२ ते ४६, जुना सातारा जिल्हा, म्हणजे आजचा सांगली धरून, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. भूमिगत माणसं रात्रीची गावात यायची. आज्जा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. त्याच्या आईनं त्याला सांगून ठेवलं होतं, दारात कोण आलं तर नाव विचारायचं न्हाई, भाकरी विचारायची. कारण ज्याला नाव माहीतच नाही त्याच्याकडनं पोलीस ते काढून घेऊ शकत नाहीत. मी टोपणनावाच्या बाजूचा आहे त्याचं मूळ बहुतेक ह्या वाक्यात असावं.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. टोपणनावामागं बसून बायकांना घाण बोलणारे, कुणाची बदनामी करणारे, पैसे बुडवणारे आहेत, रोज आहेत. ज्याच्यावर ते गुदरतं त्याला 'टोपणनावाचा इतिहास' ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि कायद्यात वाट असली तरी ती सोपी नाही, ठाण्यात तक्रार घ्यायला चार चकरा माराव्या लागतात हे कुणी नाकारू नये. हेही मान्य की नाव लपलं की माणसाची जीभ सैल सुटते, काही जणांची तर फारच.

पण मग विचार करा की खरं नाव सक्तीचं केल्यावर ह्यातलं नेमकं काय थांबतं. स्वतःच्या फोटोसकट, आडनावासकट, गळ्यात उपरणं घालून काढलेल्या फोटोवरनं शिव्या देणारे लोक तुम्ही बघितले नाहीत का? गावातल्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर कोण टोपणनावानं भांडतं? सगळे खऱ्या नावानंच भांडतात आणि दोन पिढ्या बोलत नाहीत. फसवणुकीचंही तसंच. पाचसहा वर्षांपूर्वी मी एक जुनी काठी घेतली होती, विकणाऱ्यानं न मागता आधार कार्डाचा फोटो पाठवला, नाव पत्ता सगळं, मला बरं वाटलं, आणि आली ती मधनं चिकटवलेली काठी, पहिल्याच दिवशी तुटली. फोन उचलायचा बंद. म्हणजे आधार खरं होतं आणि माणूस खोटा होता. त्याच सुमारास एका टोपणनाववाल्याकडनं रील घेतलं होतं, त्याचं सहा वर्षांचं बोलणं, सल्ले, चुका कबूल केलेल्या, सगळं समोर होतं, ते रील आजही वापरतोय. मी भरवसा कशावर ठेवायला पाहिजे होता?

दक्षिण कोरियानं हे करून बघितलंय. २००७ मध्ये त्यांनी मोठ्या वेबसाइटवर लिहायचं तर ओळख पटवायची सक्ती केली. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या दोन साइटवरनं साधारण साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, देशाची लोकसंख्याच पाच कोटी. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं तो कायदा एकमतानं रद्द केला, म्हणाले बेकायदा मजकूर त्यानं लक्षात येण्याइतका कमी झाल्याचं दिसत नाही, आणि लोकांचं बोलणं मात्र दबलं. आपल्याकडं सोशल मीडियाला आधार जोडायची मागणी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, आणि २०२१ च्या आयटी नियमांत ओळख पटवायची सोय मोठ्या कंपन्यांनी द्यावी असं आलं ते ऐच्छिक म्हणून. त्याच नियमांत असंही आहे की अधिकार असलेल्या सरकारी यंत्रणेनं लेखी मागितलं तर तपासासाठी माहिती ७२ तासांत द्यायची. म्हणजे टोपणनाव घेतलेला माणूस कायद्याला अदृश्य नाहीये, फक्त शेजाऱ्याला, मालकाला, रात्री बाराला मेसेज करणाऱ्याला अदृश्य आहे. हा फरक त्या दिवशी घाटावर कुणाच्याच बोलण्यात आला नाही. आणि ज्याचे पैसे गेले त्यानं १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन केला होता का असं मी विचारलं तर म्हणला, नाही, आधी आपल्यातच बोललो. म्हणजे जी दाद मागायची सोय आहे ती वापरलीच नाही आणि शिक्षा बाकीच्यांना.

मग खोटेपणा कशाला म्हणायचं? आपल्या इतिहासात त्याला चांगला शब्द आहे, तोतया. पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढं एक माणूस मीच भाऊ म्हणून उभा राहिला, १७७६ मध्ये त्यानं कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले, शेवटी पकडला गेला आणि पुण्यात त्याला मारलं. त्याचा गुन्हा काय होता? नवं नाव काढणं हा नव्हता. दुसऱ्याचं, कमावलेलं, खरंखुरं नाव चोरणं हा होता. संतांच्या अभंगांत बघा, शेवटी 'तुका म्हणे' ही छाप, ती म्हणजे त्या काळची सहीच, आणि गोंधळ झाला तो कुणीतरी स्वतःच्या ओळी रचून त्याखाली 'तुका म्हणे' लिहिलं तेव्हा, आणि नामदेवांच्या अभंगांत विष्णुदास नाम्याचे मिसळले तेव्हा. अभ्यासकांना आजही ते निवडत बसावं लागतं. म्हणून नियम करायचा तर तोतयावर करा, दुसऱ्याच्या नावानं, फोटोनं अकाउंट काढणाऱ्यावर, आणि दर आठवड्याला नवं नाव घेऊन येणाऱ्या पळपुट्यावर. आमच्या रीलवाल्याला फसवणारं अकाउंट आठ दिवसांचं होतं हो, आठ दिवसांचं! ते बघायला आधार कार्ड कशाला पाहिजे होतं?

सगळ्यात महत्त्वाचं शेवटाला ठेवलंय. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी होतं आणि वरनं कुठनंतरी मळीचं, म्हणजे साखर कारखान्यातलं घाण पाणी सुटतं, मग सकाळी घाटाला तपकिरी फेस लागलेला असतो आणि मासे पोट वर करून तरंगत असतात, मोठे कटले, वाम, बारीक पिल्लं तर मोजता येत नाहीत, आणि तो वास दुपारपर्यंत कपड्यातनं जात नाही. सांगलीकरांना हे मी सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात असा फेस आला तेव्हा पहाटे सहाला पहिला फोटो टाकला 'दुसरी_पाळी'नं, ठिकाण, वेळ, पाण्याचा रंग, कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी रंग बदलतो ते सगळं, आणि ते तो गेली चार वर्षं करतोय, तारीखवार. तो कुठं कामाला आहे हे वर लिहिलंय. त्याला घरी दोन पोरं, आईला डायलिसिस. खरं नाव, आडनाव, फोटो लावून त्यानं हे करावं असं आप्पांचं म्हणणं आहे का? मला माहितीये, तसं नाही, आप्पा भला माणूस आहे, माझ्या लेकीच्या लग्नात तीन दिवस राबलाय, पण नियम केला की तो माणूस बघून लागत नाही, सगळ्यांना लागतो. आणि त्या नियमानं गप्प होणारा पहिला माणूस फसवणारा नसतो, कारण त्याच्याकडं दुसरं सिमकार्ड असतं. गप्प होतो तो दुसरी_पाळी.

अशी माणसं नाव न ठेवता काय ठेवून जातात याचं एक उदाहरण आपल्याच पाण्यात आहे. दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री', त्यातलं 'खुद्री' १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर लिहिताना दिलेलं, आणि तो शब्द त्यानं इथल्या लोकांच्या तोंडूनच घेतलेला. कुठल्यातरी काठावर कुठल्यातरी मासे धरणाऱ्यानं साहेबाला ते सांगितलं असणार. साइक्सचं नाव पुस्तकात आहे, सांगणाऱ्याचं कुठंच नाही, पण त्यानं सांगितलेला शब्द आज लंडनच्या म्युझियमपासनं कोयनेपर्यंत चालतो.

आप्पांशी परवा फोनवर बोललो. त्यांना एवढंच म्हणलं की नियम करूया, पण असा करूया, सहा महिने जुनं नाव नसेल तर खरेदीविक्री करायची नाही, नाव बदललं तर जुनं नाव सगळ्यांना सांगायचं, आणि आपल्यातला एकजण तरी प्रत्यक्ष भेटलेला असला पाहिजे, आडनाव विचारायचं का नाही ते त्या भेटणाऱ्यावर सोडा. ते म्हणाले, बघू, रविवारी बोलू. ह्या रविवारी आम्ही भिलवडीच्या खाली जाणार आहोत, मगरी असतात म्हणून पाण्यात कुणी उतरत नाही, काठावरनंच टाकायचं. रेशमी_गाठ मरळासाठी हिरव्या रेशमाचे बेडूक बांधून आणणार आहेत, आणि दुसरी_पाळी बाटल्या आणणार आहे, तीन ठिकाणचं पाणी भरून, वर चिकटपट्टीवर तारीख लिहून.